कोरड्या हवेतला गंज

मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने येथे गाडीला गंज चढत नाही, हे मत मला अर्धेच पटते. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि आपली काळी चिकण माती चाकांवरील पत्र्याच्या कडांत अडकून बसली की पाऊस उघडल्यावरही ओल धरून ठेवते. त्यात क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने गाडी धुण्याची आपली सवय! दरवाज्यांच्या तळाची निचऱ्याची छिद्रे बुजून पाणी आतच साचले, तरी कोणी पाहतही नाही. रंगाला फुगा आला असेल, तर तो भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत पॉलिश पेपरने घासून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला ओलीपासून वाचवणारा अस्तराचा थर) मारावा आणि मगच पुट्टी भरावी, कारण उघड्या पत्र्यावर थेट भरलेली पुट्टी ओल शोषते. भोक पडले असल्यास तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा.