उत्तर: जत्रेच्या दिवसांतले मिशनरी

कुणीतरी विचारलंय की ख्रिस्ती मिशनरी लोक गावच्या जत्रेत दार लावून बसायचे का. आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात तरी मी तसं पाहिलं नाही. लक्ष्मीची यात्रा गावात कितीतरी वर्षांनी एकदा येते. मी सातवीत होतो तेव्हा आली, तर मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी ते सगळे दिवस रात्रीही दवाखाना उघडा ठेवला. रथ समोरून गेला तेव्हा त्या पायरीवर उभ्या होत्या. भंडारा उडून पांढरा झगा पिवळा झाला, त्यांनी झटकला नाही. आईनं पुरणपोळीचं ताट पाठवलं, ओटी मात्र भरली नाही (ते न बोलता ठरलेलं). नाताळात त्यांच्याकडून करंज्या आल्या.

सगळीकडे असंच होतं असं नाही. बेळगावात लंडन मिशन (इंग्लंडची प्रोटेस्टंट मिशनरी संस्था) १८२० मध्ये आलं. त्या काळचे मिशनरी जत्रेत उभं राहून मूर्तिपूजेविरुद्ध बोलायचे, आणि ते लोकांना लागायचं.

पण बैलहोंगल तालुक्यातलं देशनूर बघा. लिंगायतांच्या त्या मुलखात जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) फादर भगवी वस्त्रं घालून, शाकाहारी होऊन, लिंगायत संन्याशांचा असतो तसा विरक्त मठ थाटून राहिले. मला ही वाट फार मोलाची वाटते. तिथली जत्रा कुणी पाहिली असेल तर जरूर लिहा.