एफ्रेन रेयेसचा खेळ: आठवणी, आणि पोरांना त्यातून नेमकं काय शिकवावं?

धरमपेठ_नाइनबॉल
राजेहो, फिलिपाइन्सचा पूल खेळाडू एफ्रेन ‘बाता’ रेयेस याच्यावर एक धागा हवाच होता. क्लबातली नवी पोरं त्याच्या किक शॉटच्या (पांढरा बॉल आधी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लावून मग बॉलवर नेणं) क्लिप बघतात आणि लगेच टेबलावर तोच शॉट मारायला जातात. पांढरा दोन कुशन घेऊन भलतीकडेच निघतो, मग ‘तो जादूगार आहे, आपलं काम नाही’ म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही, त्या हातामागे आयुष्यभराची मेहनत आहे. ज्यांनी त्याचे सामने बारकाईने पाहिलेत त्यांनी लिहा: काय लक्षात राहिलं, आणि नऊ फुटी टेबलावर त्यातलं काय शिकवता येईल? १९९५ चा झेड-शॉट कोणीतरी नीट उलगडून सांगाच.

सदर_ब्रेकअँडरन
मेहनतीचं शंभर टक्के खरं. पांपांगा प्रांतातून लहानपणीच तो मनिलात नातेवाइकांच्या पूल हॉलवर आला. काम तिथेच, झोपायला टेबल, आणि उंची पुरत नव्हती तेव्हा कोकाकोलाच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा. फिलिपाइन्समध्ये जोर ‘रोटेशन’चा. पंधराही बॉल टेबलावर, सर्वांत लहान नंबरला आधी लागायचं, नंबर तेवढे गुण. बेरीज १२०, म्हणून ६१ झाले की डाव तुमचा. टेबल गच्च भरलेलं आणि पुढचा नंबर कोणाच्या तरी मागे दडलेला, म्हणजे किक ही रोजची भाजी-भाकरी. असा खेळाडू नऊच बॉलच्या टेबलावर आला की त्याला सगळं मोकळं दिसणारच.

१९८५ मध्ये ह्यूस्टनला ‘सीझर मोरालेस’ या नावाने उतरून स्पर्धा जिंकली, कारण खरं नाव तोवर खेळाडूंच्या कानावर गेलेलं होतं. १९९४ ला पूलची यूएस ओपन, अमेरिकेबाहेरचा पहिला विजेता. १९९६ ला हाँगकाँगमध्ये अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध आधी १२० रॅक (डाव) जिंकायची शर्यत, १२०-११७. १९९९ ला कार्डिफमध्ये नाइन-बॉलचं आणि २००४ ला एट-बॉलचं विश्वविजेतेपद. एवढं सगळं मिळवून वागणं तेच: शॉट चुकला की डोकं खाजवून हसायचं आणि खुर्चीत जाऊन बसायचं. पोरांना हे आधी दाखवा.

कुशन_ते_कुशन
झेड-शॉट. रेनोची स्पर्धा, फायनल, समोर स्ट्रिकलंड, १२-१२, शेवटचा रॅक. पाच नंबर झाकलेला. रेयेसने पांढरा एका लांब कुशनवर, तिथून समोरच्या लांब कुशनवर आणि मग पाचावर नेला. पाच पॉट, आणि पुढचे बॉल साफ करून सामना खिशात.

पोरं चुकतात ती दुसऱ्या कुशनवर. साइड (बाजूची फिरकी) न देता मारलं तरी पहिल्या कुशनच्या घर्षणाने पांढऱ्याला साइड लागते. समोरच्या कुशनवर तीच साइड उलटी पडते, म्हणून तिथून बॉल आरशाच्या हिशोबापेक्षा सरळ, म्हणजे ‘शॉर्ट’ निघतो. यावर उपाय दोन: पहिल्या कुशनवरचा कोन थोडा उघडा घ्यायचा, किंवा मारतानाच किंचित उलटी साइड द्यायची. शिकवताना पहिलाच बरा, साइडने दुसऱ्या चुका वाढतात.

आधी एका कुशनची किक पक्की करा. लक्ष्य बॉल कुशनपासून जितका दूर, तितकाच कुशनपलीकडे आहे असं धरा. पण बॉल ५७ मिमीचा, त्यामुळे त्याचा मध्य कुशनच्या कडेच्या साधारण २८ मिमी आधीच वळतो. अंतर त्या रेषेपासून मोजा, लाकडापासून नको. वेग कायम एकच ठेवा: जोरात मारला की शॉर्ट, हळू लोळवला की लाँग, म्हणजे जास्त पसरून. नऊ फुटीवर दोन डायमंडमध्ये (कडेवरच्या खुणांमध्ये) साडेबारा इंच, तेव्हा चूक ‘पाव डायमंड लाँग’ अशीच बोलायची सवय लावा.

विदर्भ_क्यू
एक इशारा. त्याचा स्ट्रोक कॉपी करू देऊ नका. क्यूची टीप (टोक) पांढऱ्याच्या तळाशी धरायची, मागे लांब हेलकावा द्यायचा आणि ऐनवेळी मध्यावर किंवा वर मारायचं, हे त्याच्या हातात बसलंय. नवख्याने केलं की टीप भलतीकडे लागते, नको ती साइड जाते, मग किकचा सगळा हिशोब वाया. टीप जिथे मारायची तिथेच धरायची. स्नूकरवरून आलेल्या पोरांनी ९-१० मिमीची टीप सोडून पूलची १३ मिमीची घ्यावी. बॉल मोठा आणि जड आहे.

धरमपेठ_नाइनबॉल
जबरदस्त, आभार. तीन कुशनची किक डायमंड मोजायच्या ‘पाच’च्या हिशोबाने शिकवतो: पांढरा कोपऱ्यातून, म्हणजे ५; तिसऱ्या कुशनवर २ हवा, तर पहिल्यावर ५ वजा २, म्हणजे ३. हिवाळ्यात बरोबर बसतं, मे महिन्यात सगळं शॉर्ट. बाहेर ४५ डिग्री, हवा कोरडी, उलट लाँग जायला हवं ना?

कुशन_ते_कुशन
भाऊ, हॉलमध्ये पाण्याचा कूलर चालतो ना? बाहेर कोरडं, आत दमट. कापड ओल धरतं, बॉल जास्त चिकटून चालतो, तीन कुशनला शॉर्ट येतो. कूलरचा झोत टेबलावरून वळवा, खिडकी उघडी ठेवा. खेळायच्या आधी बॉल कोरड्या फडक्याने पुसा, खडूचा थर बसला की घर्षण आणखी वाढतं. मग कोपऱ्यातून ५-२ ची किक चार-पाच वेळा मारा. तिसऱ्या कुशनवर पांढरा जिथे पडेल त्यावरून त्या दिवसाची दुरुस्ती ठरवा. अर्धा डायमंड शॉर्ट आला तर हिशोब तोच ठेवून तिसऱ्या कुशनचा आकडा अर्ध्याने बदलून धरा. पावसाळ्यातही हेच, फक्त तेव्हा खिडकी बंद.