मदत हवी आहे : लॉरेलची पानं कशी वाळवायची?

आम्ही सध्या इटलीत, जेनोव्हाजवळ राहतो. कुंपणालाच लॉरेल आहे, इथे त्याला 'अल्लोरो' म्हणतात. तमालपत्रच समजून मसालेभातात चार पानं टाकली, तर भाताला चक्क निलगिरीचा वास! नंतर कळलं, लॉरेलच्या तेलात मुख्यतः निलगिरीतलंच सिनिओल असतं. पानही वेगळं : तमालपत्राला तीन लांब शिरा, याला मधोमध एकच. ताजं पान कडवटही लागतं.

मागे उन्हात वाळवली, तर तपकिरी पडली आणि वास उडाला. (सासूबाई म्हणाल्या, टाकून दे!) सावलीत किती दिवस ठेवू? तोडायची कधी?

शिवाय शेजारी चेरी लॉरेल आहे, तसंच चकचकीत पण विषारी. चुरगाळल्यावर कडू बदामासारखा वास आला तर ते, एवढ्या खुणेवर भरवसा ठेवावा का?