अँगॉफ पद्धत: एका तज्ज्ञाचा आकडा फारच वर गेला तर काय करायचं?

मोजपट्टी:
बहुपर्यायी ६० प्रश्न, प्रत्येकी ४ पर्याय, १ गुण, उणे गुण नाहीत. पासची रेषा अँगॉफ पद्धतीने ठरवतोय, म्हणजे जेमतेम पास होतील अशा 'काठावरच्या' १०० विद्यार्थ्यांपैकी किती जणांचं उत्तर बरोबर येईल, हे प्रत्येक तज्ज्ञाने प्रश्नागणिक सांगायचं. ८ तज्ज्ञांनी असे अंदाज दिले. गुणांत त्यांच्या बेरजा अशा: ३८, ४०, ४१, ४३, ४४, ४५, ४७, ५४. सरासरी ४४, तीच पासची रेषा. हा ५४ वगळावा का? आणि एकदा ठरलेली रेषा पुढच्या वर्षीच्या पेपरलाही चालेल का?

काठावर पास:
५४ लगेच उडवू नका. तो काढला की सरासरी ४२.६ वर येते, म्हणजे एका माणसामुळे जवळजवळ दीड गुणाचा फरक. पण नावडता आकडा काढायची सवय लागली की मग ३८ सुद्धा कुणाला तरी नकोसा होतो. आधी त्यांची प्रश्नवार पत्रिका बघा. सगळीकडे ९० च्या आसपास लिहिलं असेल तर बहुतेक त्यांनी 'विद्यार्थ्याला हे यायलाच हवं' या प्रश्नाचं उत्तर दिलंय. आपल्याला हवं असतं 'काठावरच्या १०० विद्यार्थ्यांपैकी किती जणांचं बरोबर येईल'. 'यायला हवं' आणि 'येईल' यातली गल्लत हा या पद्धतीतला सगळ्यात नेहमीचा घोटाळा.

म्हणून अंदाजाला हात घालण्याआधी तासभर फक्त काठावरच्या विद्यार्थ्यावर घालवा. त्याला काय जमतं, कुठे अडतो, कोणती चूक हमखास करतो, हे सगळ्यांनी मिळून कागदावर उतरवायचं. 'साधारण बरा' असलं वर्णन कुचकामी. 'एका पायरीचं उदाहरण सोडवतो, दोन पायऱ्या जोडायच्या आल्या की चुकतो' असं हवं. मग तज्ज्ञांनी उत्तरसूची न बघता पेपर स्वतः सोडवायचा. दोन-चार प्रश्न स्वतःचेच चुकले की अंदाज आपोआप जमिनीवर येतात.

यानंतर पहिली फेरी, चर्चा आणि दुसरी फेरी. चर्चा सगळ्या ६० प्रश्नांवर नको. ज्यांत सर्वात वरच्या आणि खालच्या अंदाजात ३० पेक्षा जास्त अंतर आहे तेवढेच घ्या. एकमत करायची सक्ती नाही. वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस शेवटी बोलेल एवढी काळजी घ्या, नाहीतर बाकीचे माना डोलावतात.

सांख्यिकी:
तुमच्या आकड्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४.९६, भागिले ८ चं वर्गमूळ, म्हणजे रेषेची प्रमाण त्रुटी (ती साधारण किती इकडेतिकडे सरकू शकते) सुमारे १.७५ गुण. तज्ज्ञांत एवढाच मतभेद राहिला तर ती १ वर आणायला २५ तज्ज्ञ लागतील. त्यापेक्षा दुसऱ्या फेरीत विचलन २.८ वर आलं तर ८ जणांतच काम होतं. नाहीच आलं तर मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला, वापरा, तो ४३.५ येतो. मात्र मध्यक घ्यायचा की सरासरी, हे आकडे बघण्यापूर्वीच लिहून ठेवलेलं असावं.

दोन गोष्टी तपासा. ४ पर्याय असताना २५ पेक्षा कमी अंदाज क्वचितच पटतो, कारण डोळे झाकून पर्याय निवडला तरी १०० पैकी तेवढ्यांचं बरोबर येतं. अपवाद म्हणजे मुद्दाम फसवा पर्याय असलेला प्रश्न. दुसरं, दुसऱ्या फेरीआधी प्रत्यक्ष निकालाची टक्केवारी दाखवत असाल तर ती सगळ्या विद्यार्थ्यांची आहे, काठावरच्यांची नव्हे, हे बजावून सांगा. नाहीतर लोक तोच आकडा उतरवून घेतात.

काठावर पास:
पुढच्या वर्षाचं राहिलंच. पेपर बदलला की ४४ ला अर्थ उरत नाही. अवघड पेपरला तेवढ्याच क्षमतेचा विद्यार्थी ४१ वर अडकेल. दोन्ही पेपरांत काही प्रश्न समान ठेवून गुण समतुल्य करा, म्हणजे एका पेपरचे गुण दुसऱ्याच्या मापात बसवा, किंवा नव्या प्रश्नांवर पुन्हा बैठक घ्या.

मोजपट्टी:
आणि रेषा लावल्यावर ७० टक्के नापास झाले तर?

सांख्यिकी:
त्यासाठी हॉफस्टी नावाची दुसरी पद्धत. प्रत्येक तज्ज्ञाला चार आकडे विचारायचे: रेषा कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असावी, नापासांचं प्रमाण कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती चालेल. चारही सरासऱ्यांवरून आलेखावर तिरकी रेघ ओढायची, ती नापासांच्या वक्राला (रेषा कुठे ठेवली तर किती टक्के नापास होतील ते दाखवणाऱ्या) जिथे छेदेल तिथला गुण घ्यायचा. कधी कधी ती छेदतच नाही, तेव्हा या पद्धतीतून काहीच मिळत नाही. म्हणून ती पडताळ्यापुरती ठेवा. आणि ४४ वरून किती खाली यायचं हा धोरणाचा निर्णय आहे, तो परीक्षा घेणाऱ्या मंडळाने कारणासकट लेखी घ्यावा. तज्ज्ञांचे अंदाज मागाहून खोडून नव्हे.