व्याख्यानं रेकॉर्ड करायला लहान, नजरेत न भरणारा माईक कोणता घ्यावा?

ग्रंथसखी (सातारा जिल्हा)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाची दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला असते. वक्ते बहुतेक सत्तरीपुढचे. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बियाणं जपणारे शेतकरी, कुणी ओव्या गोळा केलेल्या आजी. ही माणसं जे सांगतात ते कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणून सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं ठरलं आहे.

सध्या शेवटच्या रांगेमागे स्टँडवर मोबाइल लावतो. आवाज येतो, पण पत्र्याचा घुम, पंखे आणि खोकला वक्त्याच्या वर चढतात, शब्द कळत नाहीत. पोडियमवर सभागृहाचा माईक आहेच. त्याच्या शेजारी आणखी एक उभा केला की वयस्कर मंडळी बिचकतात. लहानसा, बोलणाऱ्याला विसर पडेल असा माईक हवा. बजेट पाच हजार. वायरलेस घेऊ की वायरचा?

फ्रेमवाला

ताई, डीजेआय माईक मिनी हा वायरलेस माईक बघा. ट्रान्समीटर, म्हणजे वक्त्याच्या अंगावरचा भाग, फक्त 10 ग्रॅमचा, लोहचुंबकाने कपड्याला चिकटतो. मी लग्नांत तोच वापरतो, पाहुण्यांचे बाइट छान येतात.

मिरजकर साउंड

दादा, दोन मिनिटांच्या बाइटला तो उत्तम. ताईंचं काम वेगळं आहे, सव्वा तासाचं सलग भाषण, तेही पुन्हा न होणारं. माईक मिनीच्या ट्रान्समीटरमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग नाही आणि वेगळा कॉलर माईक (कपड्याला क्लिपने लावायचा छोटा माईक) जोडायला जागाही नाही. सिग्नल तुटला तर तेवढं वाक्य गेलं. हे माईक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, हॉलमधल्या वायफाय आणि ब्लूटूथचीही तिथेच गर्दी. त्यातच माणसाचं शरीर ही लहर शोषतं. वक्ता फळ्याकडे वळला आणि पाठ रिसीव्हरकडे (आवाज पकडणाऱ्या दुसऱ्या भागाकडे) झाली की आवाज तुटतो.

ताई, माझं म्हणणं सरळ आहे. माईक कुठला यापेक्षा तो तोंडापासून किती लांब, हे महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो, हॉलचा घुम मात्र सगळीकडे जवळपास तेवढाच राहतो. तुमचा मोबाइल 10 मीटरवर असेल आणि कॉलर माईक 20 सेंटिमीटरवर, तर फरक सुमारे 34 डेसिबलचा. महागातला महाग माईक मागच्या रांगेत ठेवून हे भरून निघणार नाही.

म्हणून वायरचा कॉलर माईक घ्या आणि रेकॉर्डर वक्त्याच्याच खिशात द्या. बोया बीवाय-एम1 हजाराच्या आतबाहेर मिळतो. वायर 6 मीटरची आहे, गुंडाळून रबर लावून खिशात जाते. त्याच्या वायरवरच्या डबीचा स्विच फोनच्या बाजूला ठेवा. रेकॉर्डर म्हणून वाचनालयातल्या कुणाचा तरी जुना, हेडफोनचं भोक असलेला फोन चालेल. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, वेव्ह (WAV) फाइल, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल, करणारं ॲप टाका. मोनो, 48 किलोहर्ट्झ, 16 बिटला तासाला साधारण 350 एमबी लागतात. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज ॲपच्या मीटरवर उणे 12 डेसिबलपर्यंतच जाईल. शांतपणे सुरुवात करणारे वक्ते शेवटी हमखास चढतात.

हा माईक चारही बाजूंचं ऐकतो म्हणून घाबरू नका. वक्ता मान वळवून बोलला तरी आवाज टिकतो, ‘प’, ‘फ’चे फटकेही कमी बसतात. एकाच दिशेचा कॉलर माईक या कामाला मुळीच घेऊ नका.

पुढे पैसे जमले तर टास्कॅम डीआर-10एल बघा. बजेटच्या बाहेर आहे, पण खिशात मावणारा रेकॉर्डर आणि कॉलर माईक एकत्र येतो, माईकची पिन स्क्रूने घट्ट बसते आणि सेटिंग चालू केलं की तो दुसरी फाइल कमी पातळीवर ठेवतो. पहिली फाटली तरी दुसरी शाबूत.

ग्रंथसखी

काका, खूप उपयोग झाला. दोन अडचणी उरतात. आमच्याकडे भाषणाआधी सत्कार असतो. शाल, श्रीफळ, हार. आणि आजी नऊवारी नेसून येतात, त्यांना खिसा नाही. शिवाय माईक लक्षात येणार नाही असा लावताना त्यांना न सांगता लावला असं तर होणार नाही ना?

मिरजकर साउंड

सत्काराचं विचारलंत ते बरं झालं, सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग तिथेच बिघडतं. शाल माईकवर आली की आवाज उशीतून आल्यासारखा होतो आणि हार घासला की खरखर. सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवा: सत्कार आटोपला, शाल-हार काढून खुर्चीवर ठेवले, मग परिचय वाचला जात असताना माईक लावायचा. परिचयाला तीन-चार मिनिटं जातातच, तेवढ्यात आरामात होतं.

जागा हनुवटीखाली एक वीत. सदरा असेल तर दुसऱ्या बटणाच्या पट्टीवर. जाकीट असेल तर जाकिटावर, आतल्या सदऱ्यावर नको, दोन कापडं एकमेकांवर घासतात. कडक इस्त्रीची खादी कुरकुरते, तिथे माईकमागे कागदी वैद्यकीय चिकटपट्टीचा तुकडा लावून कापड स्थिर करा. क्लिपपाशी वायरचा एक छोटा वळसा ठेवायचा, म्हणजे ओढ माईकवर येत नाही.

आजींचा पदर डाव्या खांद्यावर असेल तर माईक चोळीच्या गळ्याला उजवीकडे. मंगळसूत्र किंवा बोरमाळ त्यावर आपटत नाही ना ते बघा. माळ काढायला सांगू नका, माईकच बाजूला घ्या. फोन कमरेला खोचण्यापेक्षा कापडी बटव्यात घालून खुर्चीवर ठेवा. आजी बसून बोलतील, 6 मीटर वायर तिथेच उपयोगी पडते. हे सगळं एखाद्या ताईंनीच लावावं.

आणि सांगायचं तर आहेच. माईक लहान हवा तो त्यांचं लक्ष बोलण्यावरून उडू नये म्हणून. त्यांच्यापासून लपवायचा नाही. हातात देऊन दाखवा, “आजी, एवढासा आहे” म्हणा. दहा मिनिटांत त्या विसरतात.

कराडची वकील

परवानगीबद्दल कायद्याचं. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्या व्यक्तीचा असतो, आयोजकांचा नाही. हॉल तुमचा, माईक तुमचा, तरी भाषण त्यांचं. शिवाय याच कायद्यात व्याख्यान देणाऱ्याला कलावंतासारखा ‘सादरकर्ता’ धरलं आहे. निमंत्रणपत्रासोबतच साधं संमतिपत्र पाठवा: रेकॉर्डिंग वाचनालयात ठेवणार, इंटरनेटवर टाकणार की नाही, उतरवून छापणार की नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा. ओव्यांच्या बाबतीत तर आजींशी समोर बसून बोला.

टेपवाला

हॉलच्या साउंड मिक्सरमधून थेट का घेत नाही? फुकटात होतं.

मिरजकर साउंड

जोडीला जरूर घ्या, फक्त त्यावर विसंबू नका. पोडियमपासून वक्ता बाजूला सरला की मिक्सरमध्येही आवाज नाही. शिवाय मिक्सरचा लाइन आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) फोनच्या माईकच्या भोकात थेट घातला तर आवाज फाटतो, मध्ये पातळी उतरवणारी केबल लागते. वेगळा लाइन-इन असलेला रेकॉर्डर असेल तर प्रश्न नाही.

ग्रंथसखी

बोया मागवला. जुना फोन आमच्या ग्रंथपालांनी दिला आहे, चार्जिंग टिकतं. रविवारी रिकाम्या हॉलमध्ये पंखे लावून तासभर वाचन करून बघू. संमतिपत्राचा मजकूर तयार झाला की इथे टाकते, वकीलताईंनी एकदा नजर टाकावी ही विनंती.