फिनिक्सहून एका दिवसाची सहल: उन्हाळ्यात आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन कुठे जावं?

चिमणचारा

आम्ही अॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो. सासू-सासरे मेअखेरीस येताहेत, ऑगस्टपर्यंत आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तीस-चाळीस पायऱ्यांच्या पुढे नको. मुलं दोन, एक पहिलीतला आणि एक सव्वादोन वर्षांची. शनिवारी पहाटे निघून रात्री घरी यायचं आहे, मुक्काम नको.

प्रश्न असे:
१. जून ते ऑगस्टमध्ये दिवसभर बाहेर राहता येईल अशी ठिकाणं कोणती?
२. ग्रँड कॅन्यन एका दिवसात होतं का? सासूबाईंना तेच बघायचं आहे.
३. पाणी, गाडी, कागदपत्रं याबाबत काय सांभाळायचं?

"सेडोनाला जा, थंड असतं" असं तिघांनी सांगितलं. खरं का?

---

घाटवाट

सेडोना थंड नसतं. फिनिक्सपेक्षा दहा-बारा अंशांनी कमी, म्हणजे जुलैत दुपारी पंचाण्णव फॅरनहाइटच्या घरात. तांबडे खडक तापले की सावलीतही झळ लागते.

इथे नकाशावरचे मैल मोजून ठिकाण ठरवू नये, उंची बघून ठरवावं. दर हजार फुटांना साधारण साडेतीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतात. फिनिक्स सुमारे १,१०० फुटांवर, सेडोना ४,३००च्या आसपास, पेसन ५,०००, फ्लॅगस्टाफ ७,०००. जुलैत फिनिक्सचं सरासरी कमाल तापमान १०६च्या वर जातं, फ्लॅगस्टाफचं ८२ च्या आसपास. उन्हाळ्यात ५,००० फुटांच्या खाली दुपार काढायची नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी निम्मी ठिकाणं आपोआप गळतात. अपवाद गुहेचा, तो खाली सांगतो.

सव्वादोन वर्षांचं मूल सोबत असताना एका बाजूचा प्रवास अडीच तासांच्या आत ठेवा. त्या हिशोबाने:

सनसेट क्रेटर (ज्वालामुखी) आणि वुपाटकी (जुनी दगडी घरं). फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला सुमारे ३५ मैलांचा वळसा आहे. बहुतेक जण आधी लागतं म्हणून सनसेट क्रेटरला शिरतात आणि भर दुपारी वुपाटकीत पोचतात. वुपाटकी ५,००० फुटांच्याही थोडं खाली आहे, तिथे सावली नाही. उलटं करा. हायवे ८९ वर सनसेट क्रेटरचा फाटा सोडून आणखी १५ मैल पुढे जा, वुपाटकीतून सकाळी आत शिरा आणि दुपारपर्यंत सनसेट क्रेटरच्या पाइन झाडांत या. वुपाटकीच्या दगडी घरांजवळ जमिनीत एक भोक आहे. हवेच्या दाबाप्रमाणे ते कधी वारा बाहेर फेकतं, कधी आत ओढतं. मुलं तिथून हलत नाहीत. सनसेट क्रेटर हा १०८५ च्या सुमारास फुटलेला ज्वालामुखी. लाव्हा फ्लो वाटेचा सुरुवातीचा भाग पक्का आणि सपाट आहे, तेवढाच करा. चँडलरहून हा प्रवास अडीच तासांत बसत नाही, तीनच्या घरात जातो, म्हणून वाटेत कॅम्प व्हर्डीला एकदा थांबा.

पेसन आणि टाँटो नॅचरल ब्रिज. ट्रॅव्हर्टाइनचा (पाण्यातून साचलेल्या चुन्याच्या दगडाचा) १८३ फूट उंचीचा नैसर्गिक पूल, खालचा बोगदा ४०० फूट लांब. खाली उतरणाऱ्या वाटा उभ्या आणि निसरड्या आहेत, सासऱ्यांना त्या नकोत. पण वरच्या बाजूने बघायच्या जागा पार्किंगपासून जवळ आहेत आणि हिरवळीवर झाडांखाली बसता येतं. तिघांनी वर बसायचं, दोघांनी खाली जाऊन यायचं.

काच्नर गुहा, बेन्सनजवळ. टूसानच्याही पुढे, अडीच तास पुरेपूर. आत बाराही महिने सत्तरच्या किंचित वर तापमान, पण आर्द्रता ९९ टक्के, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यासारखं चिकट वाटतं. बुकिंग आधीच करा. उन्हाळ्यात 'बिग रूम' बंद असते, कारण १५ एप्रिल ते १५ ऑक्टोबर तिथे वटवाघळांच्या माद्या पिल्लं वाढवतात. तुम्हाला 'रोटुंडा-थ्रोन'ची फेरी मिळेल, सुमारे अर्धा मैल, दीड तास. बाबागाडी, पाठीवरची सॅक, कॅमेरा, फोन काहीच आत नेता येत नाही. म्हणजे धाकटीला दीड तास कडेवर घ्यायचं. भिंतीला हात लावायचा नाही, कारण हाताच्या तेलाने त्या जागी क्षार साचायचे थांबतात. हात आवरत नसतील तर पहिलीतल्याला घरी सराव करवून न्या.

मीटिऑर क्रेटर थोडं लांब पडतं, तीन तास. सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेला खड्डा, पाऊण मैल रुंद, साडेपाचशे फूट खोल. लोणार पाहिलेल्यांना आवडेलच. लोणार याहून रुंद आहे, पण बेसॉल्टमधलं आणि पाण्याने भरलेलं. इथे कोरडा वाडगा अगदी तळापर्यंत उघडा दिसतो. आतून, एसीत बसूनही बघता येतो.

---

सोनकी

ग्रँड कॅन्यन एका दिवसात "होतं", पण शनिवारी, जुलैत, या मंडळींना घेऊन नको. एका बाजूला साडेतीन ते चार तास. सकाळी दहानंतर दक्षिण प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग लागते आणि धाकटीची झोपेची वेळ त्या रांगेतच जाते.

तरी जायचंच असेल तर मधल्या वारी जा, पहाटे चारला निघा, नऊच्या आत दारातून आत. मेदर पॉइंटपासून यावापाई म्युझियमपर्यंत कड्याची वाट पक्की आहे, सुमारे पाऊण मैल, चढ-उतार नावाला. म्युझियमच्या मोठ्या काचांमधून दरी बसून बघता येते, सासऱ्यांसाठी हीच जागा. हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो. तिथे फुकट शटल जाते, पण चढ-उतार करत फिरायचं असेल तर दोन तास धरा.

खाली उतरू नका, "थोडंसंच" म्हणूनही नाही. इथे डोंगर चढण्याच्या उलट आहे. सोपा भाग आधी, दमवणारा नंतर. वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि खाली जावं तसं तापत जातं. तळाशी जुलैत फिनिक्सइतकंच ऊन असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, गडगडाट ऐकू आला की कठड्यापासून लांब, गाडीत किंवा इमारतीत.

एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे परतीची. सूर्यास्त बघून निघालात तर अंधारात हायवे ६४ वर एल्क रस्त्यावर येतात. घोड्याएवढं जनावर असतं, गाडीचा चुराडा होतो. सूर्यास्ताचा मोह टाळा किंवा वाटेतल्या विल्यम्स गावी एक रात्र राहा. "मुक्काम नको" हा नियम मोडायचाच तर तो इथे मोडावा.

आणि उंचीचं लक्षात ठेवा. १,१०० फुटांवरून एका सकाळीत ७,००० फुटांवर गेलं की ज्येष्ठांना धाप लागते, डोकं दुखतं. पहिला तास फक्त बसून काढा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

---

चिमणचारा

घाटवाट, सोनकी, मनापासून आभार. वुपाटकी उलट्या बाजूने करायचं सुचलंच नसतं.
मुलाच्या वर्गात सगळे स्लाइड रॉक म्हणतात. ते कसं आहे? आणि इथल्या 'मान्सून'ला किती घाबरायचं?

---

निवडुंग

स्लाइड रॉक: सेडोनाजवळच्या ओक क्रीक ओढ्यातली ऐंशी फुटांची नैसर्गिक घसरगुंडी, शेवाळाने गुळगुळीत झालेली. उन्हाळी शनिवारी सकाळीच पार्किंग भरतं आणि दार बंद होतं, मग गाड्या रस्त्यावरच ताटकळतात. उघडायच्या वेळी दारात असाल तर जा, नाहीतर नको. पोहायच्या पातळ कपड्यांवरून जुनी जाड चड्डी घाला, खडकावर कापड फाटतं. पायात पाण्यातले बूट हवेत, चप्पल वाहून जाते. काचेची बाटली नेऊ देत नाहीत. पाण्याची तपासणी होते आणि जिवाणू जास्त निघाले तर पाण्यात उतरायला बंदी, म्हणून निघण्यापूर्वी पार्कची सूचना बघा. सासऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरू नये. सफरचंदांच्या जुन्या बागेतली पाव मैलाची पक्की वाट त्यांच्यासाठी ठीक. एक सांगतो, सेडोना गरम असलं तरी इथे पाण्यात बसून दुपार निघते, त्यामुळे घाटवाट यांचा नियम इथे थोडा सैल करायला हरकत नाही.

मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. आपल्याकडच्यासारखी झड नसते. दुपारी दोननंतर ढग चढतात आणि तासाभरात कोसळतात. जमीन पाणी शोषत नाही, कोरडा ओढा मिनिटांत भरतो. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाही नको. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस पडला होता काही मैल वरच्या अंगाला. म्हणून अरुंद घळीत किंवा कोरड्या ओढ्यात दुपारी मुलांना खेळू देऊ नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. अडथळे ओलांडून गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करण्याचा कायदा अॅरिझोनात आहे. लोक त्याला 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात.

धुळीचं वादळ जास्त धोक्याचं. काच्नरला जाताना आय-१० वर इलॉय ते पिकाचो पीकचा पट्टा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. समोर भिंत दिसली की रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन थांबा. सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. हे उलटं वाटतं, पण मागचा चालक धुळीत तुमच्या लाल दिव्यांचा माग काढत येतो आणि थांबलेल्या गाडीवर आदळतो.

पाणी: चालत असताना मोठ्यांना तासाला एक लिटर. गाडीत माणशी चार लिटर आणि वर एक गॅलन राखीव. मुंबई-कोकणातून आलेल्यांची इथे फसगत होते, कारण घाम येताच वाळतो आणि "मला घामच येत नाही" असं वाटतं. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं मीठ कमी होतं, तेही घातक. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, किंवा ओआरएसची पाकिटं ठेवा. बडबड असंबद्ध झाली, तोल गेला तर घाम आहे की नाही ते बघत बसू नका. ९११ ला फोन, सावली, कपडे ओले करून वारा.

गाडी: टायरची हवा पहाटे, गार असताना तपासा. बॅटरी इथल्या उन्हात दोन-तीन वर्षांतच मान टाकते, निघण्याआधी दुकानात फुकट तपासून घ्या. आय-१७ च्या चढावर तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करा. कार सीटच्या पट्ट्याचं धातूचं बक्कल चटका देतं, गाडी उभी करताना त्यावर पांढरा टॉवेल टाका.

चोया: हा निवडुंग अंगावर उडी मारत नाही, पण नुसता घासला तरी अख्खा गोळा चिकटतो. हाताने ओढू नका, मग तो हाताला चिकटतो. मोठ्या दातांचा कंगवा गोळा आणि त्वचेमध्ये घालून झटक्यात उडवा, बाजूला कोणी उभं नको. उरलेले काटे चिमट्याने. दहा रुपयांचा कंगवाही चालतो, सामानात टाकाच.

---

खडीसाखर

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून.

अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगायची, असा फेडरल कायदा आहे. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत सोबत ठेवा, फोनमधला फोटो पुरेसा धरू नका. टूसानच्या दक्षिणेला आय-१९ वर टुबाकजवळ आणि न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सजवळ हायवे ७० वर बॉर्डर पेट्रोलची तपासणी चौकी आहे. तिथे गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात.

प्रवेश शुल्क: २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या पाहुण्यांना वार्षिक पास नसेल तर नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त पडतात. ८० डॉलरचा वार्षिक पास इथल्या रहिवाशांसाठी, ओळखपत्र दाखवून. बाहेरच्यांसाठी तो २५० ला. ६२ वर्षांवरच्यांचा सवलतीचा पास फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, पाहुण्या सासऱ्यांना नाही. वुपाटकी आणि सनसेट क्रेटर त्या अकरांत नाहीत, दोन्हींचं शुल्क एकच. घाटवाट यांच्या यादीतलं काच्नर आणि टाँटो, शिवाय स्लाइड रॉक, ही राज्य उद्यानं, तिथे फेडरल पास चालत नाही. मीटिऑर क्रेटर तर खासगीच.

फ्लॅगस्टाफच्या वाटेवर थांबायचं असेल तर माँटेझुमा कॅसल (कड्यात बांधलेली जुनी घरं), आय-१७ च्या २८९ नंबरच्या एक्झिटजवळ. पक्की, सपाट, एक तृतीयांश मैलाची फेरी, सायकमोरची सावली, पायऱ्या नाहीत. जागा फार उंचावर नाही, म्हणून दुपारी नाही, जाताना सकाळी आठ-नऊला करा. रविवारी दुपारी आय-१७ वर दक्षिणेकडे तुंबतं, तुमचा शनिवारचा बेत त्या दृष्टीने चांगला आहे.

---

चिमणचारा

पहिला शनिवार वुपाटकी ठरला. डब्याला काय नेऊ? मागच्या सीटवरचा कूलर दुपारपर्यंत कोमट होतो.

---

सोनकी

कूलर एकच नको, दोन करा. पाण्याचा सारखा उघडला जातो, खाण्याचा बंद राहतो. बाटल्या दोन तृतीयांश भरून रात्री फ्रीझरमध्ये आडव्या ठेवा, सकाळी वरून गार पाणी भरा; बर्फाची वेगळी पिशवी लागत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, काकडी. दहीभात, पनीर, अंडी दुपारपर्यंत राहिली तर फेका. आणि कूलर डिकीत ठेवू नका, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, एसीची हवा तिथे पोचते.