फ्लोरिडाने स्टॅन्ली कप राखला तो खेळून की पळवाट काढून?

एडमंटनकर: एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगचे विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप, फ्लोरिडा पँथर्सनी २०२५ मध्ये राखले ते मैदानावर नव्हे, हिशेबाच्या वहीत, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. मी एडमंटन ऑइलर्सचा पाठीराखा आहे आणि २०२४ व २०२५ या दोन्ही अंतिम फेऱ्यांत याच संघाने आम्हाला हरवलेले पाहिले आहे, तरीही हे विधान मला सहन झाले नाही. २००५ मध्ये पगारमर्यादा (संघाने खेळाडूंच्या पगारावर एकूण किती खर्च करावा याची कमाल मर्यादा) आल्यापासून सलग दोनदा कप जिंकणे त्यांच्याआधी केवळ पिट्सबर्ग आणि टॅम्पा यांना जमले. २०२५ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पँथर्सनी प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर १० सामने जिंकले आणि शेवटच्या सामन्यात सॅम राइनहार्टने एकट्याने ४ गोल केले.

टोरांटोवासी: त्या चारांपैकी दोन गोल रिकाम्या जाळीत होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी गोलरक्षक बाहेर काढल्यावर झालेले. ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. पँथर्सचा मॅथ्यू कचक फेब्रुवारीत जखमी झाला, दीर्घकालीन जखमींच्या यादीत गेला, मर्यादेत त्याच्या पगाराची जागा मोकळी झाली, मार्चमध्ये सेथ जोन्स आणि ब्रॅड मार्शांड संघात आले, आणि प्लेऑफमध्ये पगारमर्यादाच लागू नसल्याने कचक पहिल्याच सामन्यात परतला. टॅम्पाने २०२१ मध्ये आपला खेळाडू कुचेरोव्ह याच्या बाबतीत हेच केले होते. शिवाय फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून खेळाडू कमी पगारावरही राजी होतात. एका मोसमात ५७ गोल करणारा राइनहार्ट वार्षिक ८६ लाख डॉलरांवर तेथे राहतो, आणि आमच्या ओंटारियोत वरच्या टप्प्यावर कर ५३ टक्क्यांच्या पुढे जातो.

टॅम्पाकर: करमुक्त फ्लोरिडाचे हे कौतुक वाचून राग येतो. मी येथे राहतो. चक्रीवादळांनंतर आमच्या घराचा विमा इतका वाढला की वाचलेला प्राप्तिकर त्यातच जातो. खेळाडूंचे म्हणाल, तर बाहेर खेळलेल्या सामन्यांच्या कमाईवर बहुतेक ठिकाणी तेथील कर भरावाच लागतो. आणि हाच करमुक्त पँथर्स संघ १९९६ नंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफची एकही मालिका जिंकू शकला नव्हता. कर तेव्हाही शून्यच होता!

टोरांटोवासी: आपल्या घराच्या विम्याचा हॉकीशी काय संबंध? मी पंधरा वर्षे पगाराच्या जवळजवळ निम्म्या हिश्शावर पाणी सोडतो आहे, त्यामुळे कराचे मला कोणी शिकवू नये. व्यवस्थापन वाईट असेल तर सवलत वाया जाते. व्यवस्थापन चांगले असेल तर तीच सवलत एक जास्तीचा खेळाडू देते.

एडमंटनकर: मग आमच्या ऑइलर्सच्या कॉनर मॅकडेव्हिडचे काय? अल्बर्टातही कर काही थोडा नाही, तरी २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने पूर्वीच्याच वार्षिक १ कोटी २५ लाख डॉलरांवर आणखी दोन वर्षांचा करार केला. कुठे राहायचे हे माणूस केवळ करावरून ठरवत नाही. मीही जास्त पगाराची नोकरी नाकारून येथे राहिलो, कारण मुलीची शाळा आणि तिचा हॉकीचा संघ येथे होता. कचकच्या नियमाबद्दल मात्र आपले म्हणणे मला मान्य करावे लागते: तो नियम चुकीचा होता, आणि म्हणूनच २०२५-२६ पासून प्लेऑफमधील संघालाही पगारमर्यादा लावली गेली. पण त्याची जखम खोटी नव्हती. फाटलेल्या स्नायूनिशी तो अंतिम फेरीपर्यंत खेळला आणि ऑगस्टमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

टोरांटोवासी: जखम खोटी होती असे मी कोठेही लिहिलेले नाही. त्या वर्षी दुसऱ्या फेरीचा सातवा सामना पाहायला मी मुलाला घेऊन गेलो होतो. स्वतःच्या मैदानावर आमचा टोरांटोचा संघ पँथर्सकडून ६–१ असा हरला, आणि तिसऱ्या सत्रात अर्धे लोक उठून जात असताना मुलगा मला परत परत विचारत होता की आपणही निघायचे का. त्या रात्रीचे खापर मी करावर फोडणार नाही. पँथर्स आमच्यापेक्षा सरस खेळले. राइनहार्टच्या कराराविषयीचे माझे मत मात्र तेच आहे.